तिच्या नावाची रजा

दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगावर बायकोची शाल होती, आणि दारात उभ्या असलेल्या दोघी त्याच बायकोला बघायला आल्या होत्या.

पुढे बाई होत्या. धुलाईच्या कारखान्यात घड्यांच्या हॉलवर त्यांची देखरेख असायची, आणि सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणायचे. मागे शिडी होती. मोठ्या चादरींच्या घड्या दोघांनी मिळून घालायच्या असतात, आणि शिडी ही त्याची घडीची जोडीदार. ती इतकी उंच होती की हे नाव लोकांनी पाठीमागे न ठेवता तिच्या तोंडावरच ठेवलं होतं, आणि तिनेही ते बिनतक्रार वापरायला काढलं होतं. तिच्या हातात थर्मास होता.

"झोपल्यात का?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

तो चौकट धरून उभा राहिला.

"आम्ही फार वेळ बसणार नाही. बघतो आणि निघतो. हिने सूप करून आणलंय."

"मीठ बेताचंच घातलंय," शिडी म्हणाली. "नवे, तुम्ही तर त्यांच्यापेक्षा आजारी दिसताय. जागरणं चाललीत वाटतं."

कारखान्यात त्याचं नाव 'नवे' होतं. दुसरा कोणी नवा येत नाही, तोवर हेच चालणार होतं.

तो दारातून बाजूला झाला. बाजूला व्हायला नको होतं हे त्याला त्या आत आल्यावर कळलं.

चूक घडली होती तीन दिवसांपूर्वी, सकाळी. रात्रीपासून अंग फणफणत होतं. उठून उभं राहिलं की भिंत सरकल्यासारखी वाटत होती. कामावर कळवणं भाग होतं. त्याने फोन लावला, पलीकडून बाईंचा आवाज आला, आणि त्याच्या तोंडून वाक्य निघालं, "बाई, आज येता येणार नाही. बायकोला बरं नाही."

वाक्य तयारच होतं. पूर्वी तो पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. बायकोच्या किडन्या बिघडल्यापासून तिथल्या मालकाला त्याने हेच वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. कधी तिला इस्पितळात न्यायचं असायचं, कधी रात्रभर तिच्या उशाशी बसून सकाळी पाऊल उचलायचं नाही. पुढे पुढे मालक वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. 'बरं बरं, उद्या बघू,' म्हणून फोन ठेवायचा. स्वतःच्या दुखण्याची रजा त्याने उभ्या जन्मात घेतली नव्हती. घरात एका वेळी एकानेच आजारी पडायचं असतं, आणि ते काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. त्यामुळे 'मला बरं नाही' हे म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

बोलून होतं न होतं तोच त्याच्या लक्षात आलं. तिला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

तिथल्या तिथे सुधारता आलं असतं. चुकलो बाई, ताप मला आहे, एवढं म्हणायचं होतं. पण बाईंनी लगेच विचारलं, "अरेरे. काय होतंय त्यांना?"

"ताप आहे."

"किती?"

उशाशी थर्मामीटर पडला होता. त्याने तो उजेडात धरला आणि आकडा वाचून सांगितला.

"मग थांबा तुम्ही घरीच. पाण्याच्या पट्ट्या ठेवा कपाळावर. आणि त्यांना एकटं सोडून कुठे जाऊ नका."

"नाही जाणार," तो म्हणाला.

मग त्याने वाडग्यात गार पाणी घेतलं, रुमालाची पट्टी केली, आडवा झाला आणि ती आपल्या कपाळावर ठेवली. पट्टी गरम झाली की त्यानेच उठून भिजवायची आणि परत निजायचं. दुपारपर्यंत हे चाललं.

उद्या खरं सांगू, असं त्याने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी फोन बाईंचाच आला.

"आज कशा आहेत त्या?"

"रात्री थोडा उतरला होता. पहाटे परत चढला."

"काही खातात का?"

"नको म्हणते. तोंड कडू झालंय तिचं."

हे सांगताना त्याला अडखळावं लागलं नाही. बाई विचारत गेल्या, तो सांगत गेला. तिला उजेड सहन होत नाही. खिडकीचा पडदा ओढून घेतलाय. औषध पाण्याबरोबर गिळवत नाही, तिला दूध लागतं. ही शेवटची गोष्ट तिचीच होती. फोन ठेवल्यावर त्याने पडदा खरंच ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी फोनची वेळ झाली तशी तो उठून भिंतीला टेकून बसला. पांघरूण नीट केलं. फोन यायला थोडा उशीर झाला तर त्याने दोनदा उचलून बघितला.

हे सगळं त्याला शोभणारं नव्हतं, आणि परवडणारंही नव्हतं. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. महिनाही भरला नव्हता. बायको गेल्यावर तो घरात नुसता बसून होता. परगावी असलेली लेक रोज फोनवर म्हणायची, बाबा, कुठेतरी जा, काहीतरी करा, भिंतीकडे बघत बसू नका. म्हणून तो धुलाईच्या कारखान्यात विचारायला गेला. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "उंच आहात. बरं झालं. शिडीला जोडी मिळत नव्हती." दुसरं काही विचारलं नाही. दोघांच्या उंचीत फरक असला की चादर तिरकी जाते आणि खालचं टोक जमिनीला लागतं, म्हणून तिथे माणसं उंचीवर लावतात.

काम त्याला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी मशिनातून गरम गरम यायच्या. समोरासमोर उभं राहून त्या झटकायच्या, काठाला काठ मिळवायचा, मग चालत जाऊन आपल्याकडची टोकं समोरच्याच्या हातात द्यायची आणि वाकून खालची घडी उचलायची. मशिनांचा एवढा आवाज की बोलायची सोय नाही. पण दिवसभर कोणीतरी समोर उभं असायचं आणि आपण दिलेलं टोक धरायचं. संध्याकाळी घरी येताना त्याचे हात दुखायचे, आणि बाकी सगळं त्या मानाने कमी दुखायचं.

ही नोकरी आता जाणार, असं त्याला दारातल्या दोघींना बघून वाटलं होतं. थापा मारून रजा घेणाऱ्याचं तिथे काय होतं हे त्याला ठाऊक होतं. गाडीवरच्या एका ड्रायव्हरने मेव्हण्याला मरणाच्या दारात झोपवून आठवडाभर सुट्टी घेतली होती. मधेच एका दुपारी तो मेव्हणाच धडधाकट अवस्थेत भाओजींना शोधत कारखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. लोक अजून हसत होते. ड्रायव्हर मात्र त्याच दिवशी कायमचा घरी गेला होता.

"या खोलीत आहेत का?" शिडीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आतलं दार ढकललं. आजाऱ्याला भेटायची तिची रीत अशीच होती. पडदा ओढलेला होता. तिने डोळे बारीक करून बघितलं. पलंगावर एकच उशी होती. चुरगळलेलं पांघरूण, त्यावर ओली पट्टी, उशाशी गोळ्या आणि पाण्याचा वाडगा. पलंगाची दुसरी बाजू सपाट होती, आणि तिथे त्याचे धुतलेले कपडे घडी करून ठेवले होते.

शिडी वळली.

"कुठे आहेत?"

बाई थर्मास टेबलावर ठेवायला जागा करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"ती नाहीये," तो म्हणाला.

"इस्पितळात हलवलं? मग सांगायचं नाही का आम्हाला? आम्ही तिकडेच गेलो असतो."

"इस्पितळात नाही." त्याने शाल पुढून घट्ट धरली. "ती वारली. मागच्या वर्षी."

हे वाक्य त्याने आजवर कोणासमोर म्हटलेलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना फोन लेकीने केले होते. शेजाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. नातेवाईक यायचे ते कळूनच यायचे आणि त्याचा हात धरून बसायचे. त्याला सांगायची वेळच आली नव्हती. आता सांगितलं, तर ते चार शब्दांत आटपलं. याचंच त्याला नवल वाटलं.

खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"मग ताप कोणाला आहे?" बाईंनी विचारलं.

"मला."

शिडी दोन ढांगांत त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या कपाळावर पालथा हात टेकवला. "अहो, हे तर इस्त्रीसारखे तापलेत. बसा आधी. बसा म्हणते ना."

तो खुर्चीवर बसला. बाई समोर बसल्या. त्यांचा चेहरा कामावर डाग पडलेली चादर परत पाठवताना व्हायचा तसा झाला होता.

"तीन दिवस मी कोणाची चौकशी करत होते?"

"तिचीच," तो म्हणाला.

"हे काय उत्तर झालं?"

"पहिल्या दिवशी चुकून बोललो. जुन्या नोकरीत कायम हेच सांगायचो, तेच तोंडात आलं. ताप होता. खोटं बोलायचं मनात नव्हतं."

"पहिल्या दिवशीचं समजू शकते. काल? परवा?"

त्याने शालीच्या काठाचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळला, परत सोडला.

"परवा तुम्ही विचारलंत, त्या कशा आहेत."

"मग?"

"ती आजारी होती तेव्हा सगळे विचारायचे. दूधवाला, पेपरवाला, बांधणीचा मालक. रस्त्याने जायची सोय नव्हती, जो भेटेल तो आधी तिचं विचारायचा. कंटाळा यायचा मला. आता कोणी विचारत नाही. विचारणार तरी काय." तो थांबला. "तुम्ही विचारलंत, म्हणून सांगत बसलो."

बाईंनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. पडदा ओढलेला होता, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या तिकडेच बघत राहिल्या.

"नोकरीचं तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. "ड्रायव्हरचं मला माहीत आहे. उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी माझी तक्रार नाही."

"तुम्हाला काही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "घरच्यांच्या आजारपणासाठी नव्या माणसाला रजाच नसते. नियमच आहे तसा. मी साहेबांशी भांडले तुमच्यासाठी. म्हटलं, माणूस सरळ आहे, बायको तापाने पडलीय, तिला बघायला दुसरं कोणी नाही. दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीयेत ते."

त्याची मान आणखी खाली गेली.

"आणि स्वतःच्या आजारपणाची रजा असते," बाई पुढे म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. एक फोन करायचा, झालं. काही भांडायला लागत नाही."

शिडीने हे दोन्ही ऐकून मनातल्या मनात जुळवलं. "म्हणजे," ती म्हणाली, "आपली हक्काची रजा बाजूला ठेवून यांनी जी मिळतच नाही ती घेतली?"

"हो."

"आणि तीही मिळवली?"

"मीच मिळवून दिली ना," बाई म्हणाल्या.

शिडीला हसू फुटलं. तिने पटकन पदर तोंडावर घेतला, पण एवढ्या उंच बाईचं हसू पदरात मावण्यातलं नव्हतं. खांदे हलायला लागले. "माफ करा हो," ती पदराआडून म्हणाली, "हसायची वेळ नाहीये ही." बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले आणि मग त्यांच्याही ओठांचा एक कोपरा सरकला. त्याने दोघींकडे बघितलं. मग तोही हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, तेव्हा शिडीने उठून त्याला पाणी दिलं आणि पाठीवर थाप मारली. थाप घडीवर मारायची तशीच होती, हवा काढून टाकणारी.

बाईंनी फोन काढला आणि साहेबांना लावला.

"साहेब, ते नव्यांच्या रजेचं. आजारी तेच आहेत. हो. नाही, माझ्याकडूनच गोंधळ झाला, मी तुम्हाला उलटं सांगितलं. बघायलाच आलेय, समोर बसलेत, चांगला ताप आहे. हो, मग काय प्रश्नच नाही." पलीकडून साहेब काहीतरी विचारत होते. बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं. "नाही साहेब. त्या आजारी नाहीत." आणि फोन ठेवून दिला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. ताप उतरल्याशिवाय यायचं नाही. हॉलमध्ये सगळ्यांना शिंका यायला नकोत."

त्याने खुर्चीला पाठ टेकली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला आपली कंबर किती दुखतेय हे नीट जाणवलं.

शिडीने थर्मासच्या झाकणात सूप ओतलं आणि त्याच्या हातात दिलं. "पेशंट बदलला, सूप तेच," ती म्हणाली. "प्या. आणि लवकर बरे व्हा, माझ्यासमोर त्या बुटक्याला उभा केलाय. मी चादर धरली की तो चादरीमागे दिसेनासाच होतो. मघाशी मी टोक दिलं ते हवेतच."

तो सूप पीत राहिला. चव कळत नव्हती, पण ते गरम होतं आणि गळ्यातून खाली जाताना कुठवर गेलं हे समजत होतं.

"उंच होत्या का त्या?" शिडीने विचारलं.

बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. पण त्याने झाकण खाली ठेवलं आणि हात आपल्या खांद्यापाशी आडवा धरून दाखवला. "इथपर्यंत. बेताचीच."

"मग घरातल्या चादरींच्या घड्या कशा घालायचात? तिरक्या जात असतील."

"ती पलंगावर उभी राहायची. मी खाली." त्याने पलंगाकडे बघितलं. "वरून मला सूचना द्यायची. हात वर करा, ताणू नका, झोळ पडतोय. शेवटी शेवटी उभं राहवायचं नाही तिला. मग बसून सूचना द्यायची."

"म्हणजे बाईंसारख्या होत्या."

"बाईंपेक्षा कडक."

"बरं झालं, कोणीतरी भेटलं," शिडी बाईंना म्हणाली.

त्या आणखी थोडा वेळ बसल्या. शिडी विचारत होती, तो सांगत होता. तिचं हसणं कसं होतं, ती कोणावर चिडायची, लेकीच्या लग्नात तिने नवऱ्यामुलाच्या काकांना भर मांडवात कसं गप्प बसवलं. बाईंनी मध्येच उठून वाडग्यातलं पाणी बदललं, पट्टी पिळून उशाशी ठेवली, आणि न विचारता पडदा सरकवला.

निघताना बाई दारात घुटमळल्या.

"हॉलमध्ये मी सांगू का? इस्त्रीवाल्या बायका सकाळ-संध्याकाळ मला विचारतात, वहिनींचा ताप उतरला का म्हणून. तुम्हाला परत सगळं सांगायला नको."

त्याने थोडा विचार केला.

"नको. मी सांगेन."

"बघा हं. सगळे घोळका करतील."

"करू देत."

त्या गेल्यावर त्याने उरलेलं सूप संपवलं, गोळी घेतली आणि झोपला. झोप लागली ती एकदम गाढ. मध्ये उठून त्याने पट्टी भिजवली नाही.

सकाळी बाईंचा फोन आला.

"आज कसे आहात?"

त्याने फोन कानावर नीट धरला.

"मी?"

"हो, तुम्ही."

त्याने गिळून बघितलं, मान हलवून बघितली. "घसा दुखतोय," तो म्हणाला. "ताप कमी आहे, पण पिंढऱ्या दुखतात. डोकं मागच्या बाजूने जड आहे. कानात दडे बसल्यासारखं वाटतंय. रात्री घाम आला खूप. आणि उजव्या खांद्यात कळ येते, ती पूर्वीपासूनच येते, पण कधी कोणाला बोललो नव्हतो. गुडघाही एक..."

"बरं बरं," बाई म्हणाल्या. "सगळं आजच नका सांगू. उद्या परत करते फोन."

"करा," तो म्हणाला.

फोन ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली शाळेची मुलं चालली होती, समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं वर केलं होतं. पाय अजून लटपटत होते. पण भिंत जागच्या जागी होती. त्याने स्वतःसाठी चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत ओट्याला टेकून उभा राहिला. कोणाला काही जमवून सांगायचं नव्हतं, काही लक्षात ठेवायचं नव्हतं. नुसतं बरं व्हायचं होतं.

ताप उतरला की कामावर जायचं होतं. तिथे इस्त्रीच्या टेबलांशी, मशिनांपाशी, गाड्या भरणाऱ्यांमध्ये ती अजून तापाने पडलेली होती आणि सगळे तिच्या बरं होण्याची वाट बघत होते. त्यांना सांगायचं राहिलं होतं.